रत्नागिरीचा थिबा राजवाडा नेमका कशाचे संग्रहालय आहे?

काजळीकाठ

रत्नागिरीत पाहुणे आले की रत्नदुर्ग, भाट्याचा किनारा आणि थिबा राजवाडा अशी फेरी घडवायची, हा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. या दिवाळीत आलेल्या पाहुण्यांमध्ये सहावीत शिकणारा एक मुलगा होता. राजवाड्यासमोर उभे राहून त्याने मला विचारले, "हा राजा इथे राज्य करत होता का?" मी म्हटले, नाही, त्याचे राज्य ब्रह्मदेशात होते आणि इथे येण्यापूर्वीच ते गेले होते. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला, "मग राज्य गेलेल्या राजासाठी कुणी एवढा मोठा राजवाडा का बांधेल?" उत्तर मी दिले, पण ते देताना माझ्या ध्यानात आले की इतकी वर्षे मी ही वास्तू पाहुण्यांना दाखवत आलो ती अर्धवर्तुळाकार खिडक्या, सागवानी काम आणि प्रशस्त दालने यांच्यासाठी. ही वास्तू एका माणसाला येथून जाऊ द्यायचे नव्हते म्हणून उभी राहिली, ही गोष्ट मी नेहमी सर्वांत शेवटी, परत निघताना पायात चपला सरकवता सरकवता सांगत आलो आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. वडील मिंदोन यांच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी तो मंडालेच्या गादीवर बसला. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईची कंपनी त्याच्या जंगलांतून सागवान तोडत असे. नेलेल्या ओंडक्यांपेक्षा कमी ओंडके दाखवून कंपनीने राजाचे देणे बुडवले, असा निवाडा १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने दिला आणि कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. मंडालेची फ्रेंचांशी वाढती जवळीक इंग्रजांना आधीपासूनच खुपत होती. दंडाचे निमित्त हाती आले, व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या सरकारने निर्वाणीचा खलिता धाडला, आणि नोव्हेंबरमध्ये जनरल प्रेंडरगास्ट यांची फौज इरावती नदीतून वर सरकत अवघ्या पंधरवड्यात मंडालेला पोहोचली. उरलासुरला ब्रह्मदेश खालसा केल्याचा जाहीरनामा १ जानेवारी १८८६ रोजी निघाला. थिबाचा जन्मही १ जानेवारीचाच, सन १८५९ चा.

राजा, गरोदर असलेली राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण आणि राजाचीच दुसरी राणी असलेली सुपयाले, आणि दोन लहान मुली यांना आधी मद्रासला व तेथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. रत्नागिरीच का, याचे उत्तर नकाशातच आहे. एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला समुद्र, आगगाडीचा पत्ता नाही आणि पावसाळा लागला की बोटीही बंद. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडले, यावरून त्या काळचा एकांत किती गडद असेल याचा अंदाज करता येईल.

आज या वास्तूत शासकीय संग्रहालय आहे. कोकणातली जुनी पाषाणशिल्पे तिथे आहेत आणि राजाशी संबंधित मोजक्या वस्तूही आहेत. माझा प्रश्न असा आहे, की एखाद्याचे राहते घर संग्रहालय म्हणून जपतो तेव्हा आपण नेमके काय जपत असतो? खुर्ची, पलंग आणि तसबिरी, की ज्या कारणासाठी ते घर बांधले गेले ते कारण? जाणकारांनी लिहावे.

दस्तऐवजी

काजळीकाठ, विषय चांगला काढलात. आपल्या लेखनात चूक नाही, परंतु हा विषय निघाला की हमखास होणारा एक गैरसमज आधी दूर करावासा वाटतो. थिबा राजा या राजवाड्यात तीस वर्षे राहिला, असे सर्रास सांगितले जाते. तो रत्नागिरीत तीस वर्षे राहिला हे खरे. या राजवाड्यात मात्र जेमतेम सहा वर्षे. १८८६ पासून पुढची २४ वर्षे राजपरिवाराला सरकारने दिलेल्या बंगल्यांमध्येच काढावी लागली. नवा वाडा तयार होऊन मंडळी तिथे राहायला गेली ती नोव्हेंबर १९१० मध्ये. डिसेंबर १९१६ मध्ये वयाच्या ५७ व्या वर्षी राजाचा मृत्यू झाला. धाकटी राणी सुपयाले १९१२ मध्येच गेली होती. १९१९ मध्ये सुपयालत आणि तिच्या मुलींना ब्रह्मदेशात परतण्याची परवानगी मिळाली आणि वाडा रिकामा झाला. म्हणजे ज्या कुटुंबाच्या नावाने ही वास्तू ओळखली जाते त्या कुटुंबाचा तिच्यातला वास नऊ वर्षांचाही नाही.

हा केवळ सनावळीचा काथ्याकूट नाही. चारही राजकन्यांचे बालपण जुन्या बंगल्यांत गेले. नव्या वाड्याचा उंबरा ओलांडला तेव्हा थोरली तिशीत आणि धाकटी तेविशीत होती, आणि दोघींपैकीच काय, चौघींपैकी एकीचेही लग्न झालेले नव्हते, कारण राजघराण्याला साजेसा वर रत्नागिरीत मिळणे शक्य नव्हते आणि ब्रह्मदेशाचे दार बंद होते. १९१४ मध्ये या वाड्यात राजकन्यांचा कान टोचण्याचा विधी थाटाने झाला. ब्रह्मी रिवाजाप्रमाणे हा विधी मुलगी वयात येते त्या सुमारास करतात. इथे तो झाला तेव्हा थोरलीने तिशी ओलांडलेली होती! आपण विचारलेल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे, की या घरात सर्वांत मोलाचा जपण्याजोगा ऐवज म्हणजे हा उशीर आहे. राजाला साजेसे घर मिळाले, पण घर मिळेपर्यंत आयुष्य सरत आले होते.

चिरेबंदी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून वास्तूच्या अंगाने थोडे लिहितो.

हा वाडा पाहताना लोक वर पाहतात. मी भिंतीच्या पायाकडे पाहतो. बांधकाम आपल्या कोकणच्या जांभ्याचे आहे आणि लाकूडकाम ब्रह्मी सागवानाचे. जांभा हा मोठा मनस्वी दगड आहे. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ असतो, आणि उघड्या हवेवर राहिला की कठीण होत जातो. मात्र त्याच्या अंगी भोके असतात आणि तो पाणी पितो. जुन्या गवंड्यांनी यावर चुन्याचा तोडगा काढला होता. चुन्याचा गिलावा ओल आत येऊ देतो तसा बाहेरही जाऊ देतो, त्यामुळे चार महिन्यांच्या पावसात भिजलेली भिंत पुढच्या आठ महिन्यांत सावकाश वाळते. त्याच भिंतीवर कुणी हौसेने सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, चिऱ्याचा भुगा व्हायला लागतो आणि भिंतीत शिरलेल्या तुळयांची टोके कुजतात. बाहेरून मात्र भिंत नव्या नवरीसारखी दिसते. उतरती छपरे, रुंद व्हरांडे आणि खोल वळचणी हे सारे आपल्या मुलखात शोभेसाठी नसते; पाऊस भिंतीपासून लांब ठेवण्यासाठी असते. म्हणून अशा वास्तूचे जतन म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा पन्हळींची आणि कौलांची देखभाल असते, जिच्याकडे उद्घाटनाच्या फिती कापणारे कधी फिरकत नाहीत.

आता सागवानाबद्दल. ज्या सागवानाच्या तंट्यातून राजाचे राज्य गेले, त्याच ब्रह्मी सागवानाच्या खिडक्यांआड त्याला शेवटची सहा वर्षे काढावी लागली. संग्रहालयात दुसरे काहीही ठेवले नाही तरी चालेल, पण त्या खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून एवढे एक वाक्य पाहुण्यांना सांगितले जावे.

उलटतपासणी

चर्चा वाचनीय आहे, परंतु कळवळ्याच्या भरात एक बाजू सुटते आहे. फेब्रुवारी १८७९ मध्ये, थिबा गादीवर आल्यानंतर काही महिन्यांतच, मंडालेच्या राजवाड्यात त्याच्या सावत्र भावंडांची आणि आप्तांची डझनावारी हत्या झाली. गादीवर हक्क सांगू शकेल असा कुणी उरू नये, हा त्यामागचा हेतू. जिथे त्यांना तसे मारले तो वाडाही कुणाचे तरी घरच होते. आपण रत्नागिरीच्या वाड्याला बंदिवासाचे स्मारक म्हणायचे ठरवले, तर बंदिवानाच्या हातचे हे रक्त त्या कथनात कुठे बसते? की पाहुण्यांना फक्त एकाकी, हळवा राजा दाखवायचा?

दस्तऐवजी

उलटतपासणी, आक्षेप रास्त आहे आणि तो झाकून ठेवू नये. मात्र त्याला दोन पुरवण्या जोडतो. एक म्हणजे, त्या हत्याकांडामागे सासू आणि राणी सुपयालत यांचा पुढाकार किती आणि नुकतीच विशी गाठलेल्या राजाची संमती किती, यावर अभ्यासकांत वाद आहेत. जबाबदारी मात्र गादीवर बसलेल्याचीच, हे मला मान्य आहे. दुसरी पुरवणी अधिक महत्त्वाची. या हत्यांचा आणि राजाच्या कथित दारूबाजीचा डंका इंग्रजी वृत्तपत्रांनी पुढे वर्षानुवर्षे पिटला आणि ब्रह्मदेश गिळताना तोच नैतिक आधार म्हणून पुढे केला. म्हणजे गुन्हा खरा होता आणि त्याचा वापरही खरा होता. चांगले संग्रहालय या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवू शकते. पाहुणे तेवढे समजूतदार असतात. आपणच त्यांना उगाच कमी लेखतो.

मंडाले_ते_मांडवी

मी मंडाले पाहिले आहे, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहितो. थिबाचा मूळ राजवाडा आज अस्तित्वात नाही. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४५ मध्ये, तो जळून खाक झाला. सध्या तिथे दिसतात त्या नंतर उभारलेल्या प्रतिकृती. त्या सबंध लाकडी राजवाड्यातला एकच मोठा भाग वाचला, आणि तोही थिबामुळे. मिंदोन राजाने ज्या दालनात शेवटचा श्वास घेतला ते दालन थिबाने उतरवून राजवाड्याच्या तटाबाहेर हलवले आणि तिथे त्याचा विहार झाला. वडिलांचा आत्मा तिथे वावरतो असे त्याला वाटत असे, अशी आख्यायिका सांगतात. कारण काहीही असो, तो सोनेरी मुलाम्याचा सागवानी विहार आज श्वेनान्दॉ या नावाने उभा आहे.

बाकीच्या वस्तूंची वाताहत झाली. सिंहासन कोलकात्याच्या संग्रहालयात येऊन पडले होते, ते ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा १९४८ मध्ये परत गेले. राजचिन्हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होती, ती १९६४ मध्ये परत मिळाली. न्गा माउक नावाचे प्रचंड माणिक मात्र १८८५ च्या त्या गोंधळात जे नाहीसे झाले ते आजतागायत सापडलेले नाही. आपण ते कर्नल स्लेडन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाती सांभाळायला दिले होते, असे थिबा अखेरपर्यंत म्हणत राहिला आणि रत्नागिरीतून त्याविषयी अर्जांवर अर्ज करत राहिला. जवळचे जडजवाहीर तो हळूहळू इथल्या सावकार-व्यापाऱ्यांना विकत गेला. हे सारे पाहिले म्हणजे लक्षात येते, की रत्नागिरीच्या वाड्यात राजाच्या वस्तू थोड्या आहेत ही त्या संग्रहालयाची उणीव मानू नये. त्याच्याकडे काय उरले नव्हते, हाच तिथला इतिहास आहे, आणि रिकामे दालन तो सर्वांत नेमका सांगते.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला तरी सांगायलाच हवी. नोव्हेंबर १९१० मध्ये मंडालेचा राजा रत्नागिरीतल्या नव्या वाड्यात राहायला आला, त्याच हिवाळ्यात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात बसून शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहीत होते. टिळक १९०८ मध्ये गेले आणि १९१४ मध्ये सुटून आले. राजा आला तो परत गेलाच नाही. टिळक आळीतले टिळकांचे जन्मघरही आज स्मारक म्हणून जपलेले आहे. तिथले कौलारू घर आणि इथला तीन मजली वाडा एकाच सकाळी पाहून होतात. ते तसेच, एकापाठोपाठ एक, पाहावेत असे मी सुचवीन.

माजघर

सगळ्यांनी राजाबद्दल लिहिले. मला थोरल्या राजकन्येबद्दल लिहायचे आहे.

रत्नागिरीत तिची कथा चवीने सांगितली जाते: राजकन्या, वाड्यावरचा दरवान गोपाळ सावंत आणि त्यांचे प्रेम. सांगणारा हमखास या राजवाड्याच्या दाराकडे बोट दाखवतो. दस्तऐवजी यांनी दिलेली सनावळी लावून पाहिली तर ते दार चुकीचे ठरते. दोघांची मुलगी टुटू हिचा जन्म १९०६ चा, म्हणजे कुटुंब या वाड्यात यायच्या चार वर्षे आधीचा. गोपाळ विवाहित होता. राजा-राणीला हा घाव किती खोल लागला असेल, ते सांगायला नको. १९१९ मध्ये राजकन्या मुलीला घेऊन ब्रह्मदेशात गेली खरी, पण तिथे तिचा जीव रमला नाही आणि ती रत्नागिरीलाच परतली. ज्या गावात तिच्या बापाला जबरदस्तीने ठेवले होते, त्या गावात ती स्वखुशीने येऊन राहिली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टुटूचे लग्न मराठी घरात झाले, तिचा संसार गरिबीत गेला, आणि ती २००० साली गेली तेव्हा मंडालेच्या राजाची ही नात अस्सल रत्नागिरीची मराठी बोलणारी आजी होती.

माझ्या सासूबाईंनी तिला पाहिले होते. त्या तिच्याबद्दल बोलताना "थिबाची नात" असे कधी म्हणाल्या नाहीत. "आमची टुटू" असेच म्हणत. वास्तू एका राजाच्या नावाने जपली जाते हे ठीकच आहे, पण ब्रह्मदेश आणि कोकण यांची खरी सोयरीक वाड्याच्या दरबारी दालनात जुळली नाही, ती दरवानाच्या खोलीपाशी आणि पुढे एका साध्या घराच्या चुलीपाशी जुळली. ही हकीकत सांगायची झाली तर हळुवारपणे, त्या कुटुंबाचा मान राखून सांगावी. ती चघळायची गोष्ट नाही.

उलटतपासणी

माजघर यांच्या या लेखनानंतर मला माझा आक्षेप मागे घ्यावासा वाटत नाही, परंतु तो वेगळ्या जागी ठेवावासा वाटतो. राजाचा गुन्हा राजाचा. मुलींनी काय केले होते?

मंडाले_ते_मांडवी

समाधीचा उल्लेख अजून कुणी केलेला नाही. राजाचा मृतदेह लगेच पुरला गेला नाही. तो मायदेशी न्यायला मिळावा अशी सुपयालतची मागणी होती. सरकारने ती मानली नाही आणि १९१९ मध्ये राजा व धाकटी राणी यांना रत्नागिरीतच विसावा दिला. मेलेल्या राजाभोवती मंडालेत लोक गोळा होतील, ही धास्ती त्यामागे होती. सुपयालतलाही पुढे रंगूनमध्येच राहावे लागले. १९२५ मध्ये तिचा तिथे मृत्यू झाला आणि तिची समाधीही तिथेच, श्वेडगॉन पॅगोड्याजवळ आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीच्या दर्शनाला मुद्दाम रत्नागिरीत आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात आपले तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग रंगूनला बहादूरशाह जफर यांच्या कबरीवर गेले होते. दिल्लीचा शेवटचा बादशहा रंगूनमध्ये आणि मंडालेचा शेवटचा राजा रत्नागिरीत, ही अदलाबदल इंग्रजांनी केली आणि तिची निगराणी आता दोन देश एकमेकांसाठी करत आहेत.

चिरेबंदी

समाधीकडे जाणाऱ्यांनी शिवाजीनगर भागात चौकशी करावी, कुणीही दाखवते. ती पाहिल्याशिवाय वाडा पुरता कळत नाही, हे मंडाले_ते_मांडवी यांचे म्हणणे पटते.

हिवाळ्यात राजवाड्याच्या प्रांगणात शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो, त्याबद्दलही लिहायला हवे होते. स्मारकाच्या आवारात गाणे कशाला, असे काही जण म्हणतात. कामाच्या अनुभवावरून सांगतो, जुनी वास्तू रहदारीने झिजते त्याहून कुलूप लागल्याने लवकर खचते. जिथे माणसे येतात तिथे गळती वेळेवर दिसते, वाळवीचा माग वेळेवर लागतो. मैफिलीला आलेल्या हजार माणसांपैकी दहा जणांनी जरी वर पाहून "ते कौल सरकले आहे" असे म्हटले, तरी वाड्याचे भले होते.

काजळीकाठ

सर्वांचे आभार. माझ्या फेरीचा क्रम मी बदलला आहे. परवा घरी आलेल्या मंडळींना आधी टिळक आळीत नेले, मग समाधीवर आणि मग वाड्यावर. चिरेबंदी यांचे सागवानाचे वाक्य खिडकीपाशी उभे राहूनच सांगितले, आणि माजघर यांनी लिहिलेले मी मुद्दाम वाड्यात सांगितले नाही, बाहेर पडल्यावर सांगितले.

शेवटी आम्ही थिबा पॉइंटवर गेलो. खाली भाट्याची खाडी, राजिवड्याच्या होड्या आणि पलीकडे मावळतीचा समुद्र. राजा रोज संध्याकाळी समुद्राकडे पाहत आपल्या देशाची आठवण काढत असे, हे वाक्य मी इथे नेहमी म्हणतो, तसे म्हणूनही टाकले. मंडळींमधल्या एका निवृत्त भूगोल शिक्षिकांनी चष्मा वर सरकवत विचारले, "अहो, पण समुद्र इथे पश्चिमेला आहे. ब्रह्मदेश तर आपल्या पाठीमागे, सह्याद्रीच्याही पलीकडे आला ना?"

तीस वर्षे हे वाक्य म्हणतो आहे. मी मागे वळून पाहिले. डोंगराच्या वर तोवर अंधार पडला होता.